आत्याची गव्हाण

१. आत्या ट्रेडमिलवर मेली नाही.
२. ती दुपारी जेवून आडवी झाली, ती उठली नाही. अर्धांगाचा दुसरा झटका.
३. त्याआधी चार दिवस ट्रेडमिल बंद होती. वायर उंदरानं कुरतडलेली.
४. तरी तिसगावभर झालं: फिजिओ भाचीनं, म्हणजे मी, म्हातारीला पळवून मारलं.
५. ट्रेडमिलच्या खोलीला कुलूप आहे.

आज तेरावा.

पळवून.
तिचा सगळ्यात जास्त स्पीड ताशी १.८ किलोमीटर होता. गाभण म्हैस यापेक्षा जोरात चालते.

सुरुवात ०.५ ला केली, दोन मिनिटं. रोज आधी बीपी, मग पडू नये म्हणून हार्नेस, मग ट्रेडमिलचा पट्टा. सगळं वहीत आहे. ज्याला बघायचं त्यानं यावं.

आत्यानं उभं आयुष्य ऊस तोडला. छताच्या अँगलला हार्नेस अडकवला की म्हणायची, "बांधली मोळी. टाक आता गव्हानीत."
कारखान्यात ऊस आत ओढणारा पट्टा म्हणजे गव्हाण. ट्रेडमिलला तिनं दुसरं नाव कधी दिलंच नाही.

"आत्या, डावा पाय. टाच आधी."
"उजव्याला कधी बोलत न्हाईस. लाडका हाय व्हय तुजा?"

उतरताना म्हणायची, "एवढ्यात पाथर्डीला जाऊन आले असते. अन् बघावं तर हितंच."

तिला एकच हवं होतं. संडासला जाताना कुणाचा हात नको.
शेवटचे दोन महिने ती एकटी गेली. काठी घेऊन, अंगण ओलांडून.

हे बघून गावातले टेलरकाका यायला लागले. त्यांचा उजवा पाय लुळा. ते ०.८ वर पोचले होते. आता कुलूप बघून परत जातात.

दहाव्याला ओढ्याकाठी कावळा पिंडाला शिवेना.
मामा, म्हणजे आत्याचे मालक, म्हणाले, नातीचं लग्न थाटात करू. कावळे लिंबावरच.
म्हैस विकणार नाही, म्हणून झालं. तरी नाही.

मग माझा आतेभाऊ, दादा, पुढं झाला. हात जोडून म्हणाला,
"आये, तुजी गव्हान बंद न्हाई करनार. टेलरकाका चालतील तिच्यावर."

कावळा उतरला.

माझा यावर विश्वास नाही. दादाचा आहे. आणि शब्द त्यानं सगळ्या भावकीसमोर दिलाय.

घरी आल्यावर मी दादाकडं खोलीची किल्ली मागितली. म्हणाला, "लोकं काय म्हनतील, ताई?"

लोक आत्यालाही म्हणाले होते, आता खाटेवरच. तिनं ऐकलं नाही.

वायर मी आणायची होती. राहून गेलं. तेवढा दोष माझा. बाकीचा घेणार नाही.

आत्या, तू चालत होतीस. हे मी कुणालाही खोडू देणार नाही. जा सुखानं.

दादा, खोली उघडणार की नाही, ते रविवारी संध्याकाळपर्यंत इथंच, भावकीच्या ग्रुपवर लिही.
नवी वायर आणली आहे.