आधी तोडणारीने खायचं

पुण्यात त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात. आमच्या घरी त्या सात्या होत्या. माझी आई चंद्रपूरकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावातली. वडिलांना खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून लग्नानंतर ती इकडे आली. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण मागे जुनी आंब्याची झाडं होती आणि त्यांच्या बुंध्याशी वाळवीची वारुळं. श्रावण सरत आला की एखाद्या सकाळी त्या वारुळांवर सात्यांचा ताटवाच उगवलेला असायचा. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून बघत आणि आई त्याच पदराची ओटी करून सात्या गोळा करी. शाळेत मी याबद्दल चकार शब्द काढत नसे. पुण्यात राहायचं तर आपण घरी काय खातो ते जपून सांगावं लागतं, हे मला लवकर कळलं होतं.

आईची पारख बघायला सोपी वाटे. पहिली गोष्ट, वारूळ हवं. वारूळ नाही तर सात्याही नाहीत. दुसरी गोष्ट, ती ओढायची नाही, हळूच मातीत बोटं घालून काढायची, आणि खाली उंदराच्या शेपटीसारखं लांब मूळ आलंच पाहिजे. टोपीच्या मधोमध टोक हवं. वास ओल्या पिठासारखा हवा. दांड्याला बांगडी दिसली, की फेक. टोपीच्या आतल्या पापुद्र्यांवर हिरवट झाक दिसली, की फेक. शेणावरची, कुजक्या लाकडावरची, नुसत्या गवतातली तर हातात घेऊन बघायचीसुद्धा नाही. हे सगळं जुळलं तरी आई निर्धास्त नसे. जंगलाजवळ वाढलेल्या माणसाला जंगलाची भीती शहरातल्यांपेक्षा जास्त असते.

म्हणून तिच्या माहेरचा एक नियम आमच्याकडेही होता. जी तोडेल तिने आधी खायचं. सकाळी आई मूठभर सात्या वेगळ्या शिजवी, एकटी बसून खाई, आणि बाकीच्यांनी दिवस कलेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी ती धडधाकट असली तर उरलेल्या सात्या कांदा-तिखट घालून आमच्या ताटात येत. त्या दिवशी माझं शाळेत लक्ष लागत नसे. घरी पळत यायचं, आई दारात तांदूळ निवडताना दिसली की जीव भांड्यात पडायचा. आईला मात्र यात काही मोठं वाटत नसे. तिच्या आईने तिच्यासाठी हेच केलं होतं, आजीच्या आईने आजीसाठी.

पुढे मी संगणकाची पदवी घेतली. नव्वदचं दशक संपता संपता ती पदवी असलेल्या कुणालाही कुणीही नोकरी देत होतं, तशी मलाही मिळाली. लग्न शनिवार पेठेतल्या मुलाशी झालं. तोही माझ्याच क्षेत्रातला. खराडीत ऑफिसांच्या काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा आम्ही तिकडेच कर्ज काढून एक रो-हाउस घेतलं. मागे छोटं अंगण, कोपऱ्यात एक कडुलिंब, आणि बिल्डरच्या नजरेतून सुटलेलं एक वारूळ. मुलगी झाली. वडील गेले. त्यांनी निवृत्तीनंतर घेतलेल्या एका खोलीत आई एकटी राहत होती, तिला मी घेऊन आले.

खराडीत आईला करण्यासारखं काही नव्हतं. स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन, बोलायला कुणी नाही. आम्ही दोघं सकाळी जायचो ते दिवेलागणीला परत यायचो. नात शाळेतून पाळणाघरात. खडकीत अख्खी ओळ जिला हाक मारून जायची ती बाई आता दिवसभर सोफ्याच्या कडेला बसे, पाहुण्यासारखी. मी म्हणे, "आई, टीव्ही लाव." ती म्हणे, "लावते", आणि लावत नसे.

पहिल्याच पावसाळ्यात कडुलिंबाखाली सात्या आल्या. आई अनवाणी अंगणात धावली. मुलीला जवळ बसवून तिने मुळं दाखवली, वास दिला, सकाळी स्वतः खाल्लं, संध्याकाळी आम्हाला वाढलं. नवऱ्याने बोटं चाटली आणि हौसेने स्पीकर लावून त्याच्या आईला फोन केला. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "वा! आम्ही इतकी वर्षं उगाच पैसे देऊन भाजी आणत होतो." मग म्हणाल्या, "निदान चांदीचं नाणं तरी टाकून बघायचं होतं पातेल्यात. विषारी असेल तर काळं पडतं म्हणे." हे ऐकून आई खुदकन हसली. "चांदीले काय कळते? चांदी खाते काय?" त्या दिवशी ती घरची कुणीतरी होती. घरातली एक गोष्ट अशी होती जी तिच्याशिवाय कुणालाच ठरवता येत नव्हती, आणि ते तिला पुरत होतं.

पुढच्या वर्षी सोसायटीने सगळ्या घरांना वाळवीचं औषध मारून घेतलं. माणसं आली, वारूळ पहारीने फोडलं, जमिनीत भोकं पाडून औषध ओतलं. त्यावर गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली हिरवळ पसरली. घर लाकडी दारांचं, कर्ज वीस वर्षांचं, वाळवी कोण ठेवणार? आई खिडकीतून बघत होती. "आता काई येत नाई," एवढंच म्हणाली. त्या पावसाळ्यात काही आलं नाही. तरी रोज सकाळी ती कडुलिंबापाशी जाऊन वाकून बघे.

त्याच सुमारास तिचं विसरणं सुरू झालं. दुधाचं पातेलं करपवलं. वडील भेटायला कधी येणार म्हणून मला विचारलं आणि लगेच स्वतःच ओशाळली. एकच गोष्ट जेवताना तीनदा सांगे. आम्ही म्हणायचो, वय झालं, जागा नवी, करमत नाही. साठी बुद्धी नाठी असं आपल्याकडे हसून म्हणतात ना, तसं आम्हीही म्हटलं आणि हसलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसला जायला गाडी काढताना कुंपणावरून मला हिरवळीत पांढरं पांढरं दिसलं. आई पदर खोचून तिथे उभी होती. मी हात हलवला, तिनेही हलवला. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काम होतं. मला इतकं बरं वाटलं की सिग्नलला उभी असताना मी गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी आलो तेव्हा घरभर कांदा परतल्याचा वास होता. आईचा चेहरा उतरला होता, पण ती भराभर ताटं मांडत होती. नवऱ्याने विचारलं, "आई, तुम्ही खाल्लंत ना सकाळी?" तो आता आमच्या नियमात मुरला होता.

"हो ना, सकाळीच खाल्लं. काई नाई झालं."

ती स्वतः जेवायला बसली नाही. भूक नाही म्हणाली. मुलीने दुसऱ्यांदा मागून घेतलं. आईने तिच्या ताटात पातेलं निपटून वाढलं.

दोन तासांत आम्ही तिघंही ओकत होतो. मी आणि नवरा निदान उभे राहू शकत होतो, मुलगी राहू शकत नव्हती. पाच वर्षांचं पोर, त्याच्या अंगात पाणी ते किती असणार! दवाखान्यात तिच्या हाताला शीर सापडेना. मी पलीकडच्या खाटेवर सलाइन लावून पडले होते आणि तिचे डोळे अर्धवट उघडे दिसत होते, पण ती बघत नव्हती. तेव्हा मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. बाहेर बाकावर बसून आई येईल त्याला सांगत होती, "म्या आधी खाल्लं होतं. मले काई नाई झालं." ती एवढ्या ठामपणे सांगत होती, की डॉक्टरही घोटाळले. पनीर, पाणीपुरी, पाळणाघरातलं दूध, सगळ्याची चौकशी झाली. शेवटी म्हणाले, घरात त्या छत्र्यांचा काही उरलासुरला भाग असेल तर आणा.

सकाळी कामाच्या बाईंना फोन केला. त्या कचऱ्याच्या डब्यातलं सगळं पिशवीत भरून घेऊन आल्या. आत देठं होती, मोडक्या टोप्या होत्या. एकालाही मूळ नव्हतं. दांड्यांना बांगड्या होत्या, आणि पापुद्रे हिरवट होते. मी शहरात वाढलेली, पण मलाही दिसलं. आईने मला लहानपणी जे जे फेकायला शिकवलं होतं, ते सगळं त्या पिशवीत होतं.

बाई माझ्या खाटेशी घुटमळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आजींना काल सकाळपास्नं उलट्या व्हत व्हत्या. म्याच न्हाणी धुतली दोनदा. फोन करू का म्हनलं, तर म्हनल्या, पित्त हाय, पोरीला कामात तरास नको देऊ."

मी आईला आत बोलावलं. "आई, काल तुला उलट्या झाल्या?"

"मले? नाई व."

ती खोटं बोलत नव्हती. आई खोटं बोलते तेव्हा खाली बघते, आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. तिने खाल्लं होतं. विष तिच्या अंगात भिनलं होतं, तिने ते दिवसभर सोसलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत विसरून गेली होती. नियम तिने तंतोतंत पाळला होता. किती पिढ्या बायकांनी तो नियम जपला असेल, पण आधी खाणारीला आपलं काय झालं ते संध्याकाळी आठवलं पाहिजे, हे त्यात कुणी घातलं नव्हतं. घालायची गरजच कुणाला पडली नसणार.

मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी तिने बिस्कीट मागितलं तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून रडला. सासूबाई रोज पेठेतून डबा घेऊन येत होत्या. त्यांनी एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, निदान मला कुणाशी तरी भांडता आलं असतं. आता भांडणार कुणाशी? डोक्याच्या डॉक्टरांनी आईला चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, आणि आजाराचं नाव सांगितलं. हा बरा होत नाही, वाढतच जातो, असंही सांगितलं. आवाज इतका सौम्य होता, की मला त्यांचाच राग आला.

घरी आल्यावर आम्ही स्वयंपाकघराला कुलूप लावलं. माळ्याकडून हिरवळ उपटून घेतली आणि तिथे फरशी बसवली. आई रोज सकाळी कुलपाकडे बघून विचारी, "हे काऊन लावलं?" सुरुवातीला मी खरं सांगितलं. ऐकून ती मटकन खाली बसली, कपाळ बडवून घेतलं, दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, कारण आईशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पुन्हा ती तशीच खाली बसली. तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळत होतं. दर सकाळी मी तिच्या हातून तिच्या नातीवर विषप्रयोग करवत होते. काही दिवसांनी नवरा म्हणाला, "अगं, पुरे कर आता." मग मी सांगायला लागले की घरात उंदीर झालेत.

दिवाळीच्या आधी कुणीतरी सीताफळं आणून दिली. आई मागच्या दारातल्या ओट्यावर बसली होती. तिने एक फोडलं, पांढरा गर बोटांनी सोडवला, बिया काढून टाकल्या, आणि नातीपुढे हात केला. मुलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. आई थोडा वेळ हात पुढे धरून बसली. "घे ना व माय, गोड हाये." मुलगी मागे सरकत सरकत माझ्या पायांना येऊन चिकटली. माझी सलवार तिने मुठीत घट्ट धरली होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. "हिले काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "पोट बिघडलं होतं तिचं. अजून खायला घाबरते."

आईचा चेहरा काळजीने एवढासा झाला. तिने सीताफळ बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, "काय खाल्लं व तिनं?"