उठलं की काळा होणारा पडदा

बिघडलेल्या वस्तूशेजारी नुसतं बसून राहण्यात माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचा हात धरणारा माणूस उभ्या कोल्हापुरात सापडायचा नाही. शिरोलीच्या कारखान्यात ते फिटर होते, पण पान्हा उचलण्याआधी यंत्राकडे इतका वेळ बघायचे की नव्या साहेबाला वाटायचं, हा माणूस जप करतोय. आमचा मिक्सर दुरुस्त करायला आले तेव्हा तो मांडीवर घेऊन दोन कप चहा संपेपर्यंत गप्प बसले. बायको चटणीसाठी खोळंबलेली. तर म्हणाले, "काय हुतंय ते त्यो सांगंल की. आपण मधी बोलायचं न्हाय." कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जायचे तेही बसायलाच. मला अशा माणसांची चीड येते, कारण मी दूध तापायच्या आत गॅस बंद करणारा.

त्यात आमच्या कॉम्प्युटरचा पडदा मधेच काळा व्हायला लागला. लेक जर्मनीत शिकायला गेलेली. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर ती दिसायची, आणि नेमकं निरोपाच्या वेळी चेहराही जायचा, आवाजही. मी वायरी खुपसून पाहिल्या, वर एक टपली मारली, आणि दर खेपेला चरफडत मेन बटण बंद करून मोकळा झालो. मग एक दिवस बायको म्हणाली, "पोरगी रडत होती. तिच्या जाण्याचा राग अजून तुमच्या मनात आहे, म्हणून अच्छा म्हणायच्या आत बंद करता, असं वाटतंय तिला." राग होता, खोटं कशाला बोलू. पण एवढा नव्हता हो.

मामांना बोलावलं. दोन दुपारी ते कॉम्प्युटरपुढच्या माझ्या चाकांच्या खुर्चीत पडद्याकडे बघत बसले. पंखा फिरत होता, खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं, पण पडदा काही जाईना. मी कुजकटपणे म्हणालो, "मामा, तुम्हाला भितो वाटतं."

"पावणं, मी बसलोय म्हणून चालतोय. जेवाय उठलो की जातोय. ह्या खुर्चीतनं उठताना बारीक करंट सुटतोय, आन तुमची हलकी वायर त्याला बिचकत्या."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुणाला निरोप द्यायचा तर उठून उभं राहायचं, ही आमच्या घरची रीत, आणि मी पडद्यावरच्या लेकीलाही उठूनच निरोप देत होतो.

त्या रविवारी मामा शेजारी स्टुलावर होते. बोलणं संपलं, सवयीनं मी उठलो, पडदा काळा झाला आणि माझा हात बटणाकडे गेला. मामांनी मनगट धरलं. "बसा म्हणत न्हाय. थांबा नुसतं."

चार श्वास गेले असतील. पडदा आपोआप उजळला. लेक तिथंच होती, हात अजून वर, डोळे भरलेले. "बाबा, आज बंद नाही केलंत?" ती म्हणाली. मी उभ्या उभ्याच हात हलवला.

वायर बदलली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. मामा हल्ली थकलेत. बोलता बोलता मधेच कुठंतरी जातात. डोळे उघडे असतात, पण मला ओळखत नाहीत. घरातले घाबरून हाका मारतात, खांदे हलवतात. मी त्यांना थांबवतो आणि मामांशेजारी नुसता बसून राहतो. थोड्या वेळानं मामा परत येतात.

"पावणं, कवा आलासा?"

आत्ताच आलो, असं मी सांगतो.