कोनाड्यातलं गाठोडं

वेणीमाधव शेवडे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले, पण दिसेल त्या वस्तूला चिठ्ठी डकवायची खोड काही सुटली नाही. म्हणून तर नामांकित कादंबरीकार नरहर कानडे वारले आणि त्यांची चार हजार पुस्तकं विद्यापीठाला द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, आनंदीकाकूंनी, यादी करायला शेवड्यांनाच बोलावलं. गडी तीन वर्षं खपला!

त्यातली अकरा पुस्तकं शेवड्यांना जिवापलीकडे. अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या कादंबरीची टिपणं कानड्यांनी त्यांच्याच समासात पेन्सिलीने लिहिलेली, दुसरीकडे कुठेच नाहीत. वाळवीच्या धास्तीने शेवड्यांनी ती फडक्यात बांधून घरातल्या सर्वांत कोरड्या जागी ठेवली, देवघराशेजारच्या कोनाड्यात. आता काय म्हणावं या शहाण्याला! अख्खा जन्म काशीत गेला, आणि फाटक्या पोथ्या, भंगलेल्या मूर्ती गंगेत सोडायला तिथेच ठेवतात, हे ध्यानात येऊ नये?

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तो कोनाडा रिकामा. काकूही घरात नाहीत. धोतर सावरत शेवडे अमृतराव घाटावर धावले.

"भैया, कल माताजी कुछ बहा गईं क्या?"

"पूनम को तो सभी बहाते हैं, बाबूजी," नाववाला म्हणाला.

पाय ओढत परत आले, तर काकू ओसरीवर मेथी निवडताहेत.

"काकू, ते कोनाड्यातलं गाठोडं..."

"अहो, मी कुठली जाते गंगेवर! नागपूरच्या पुतण्याला मुलगी झाली, परवाच तार आली. दहा दिवस सोयर, देवाधर्माचं काही करायचं नाही. पूजेला शेजारची पद्मा येते, तिने ते कपाटावर टाकलंय."

शेवडे धावत आत गेले, गाठोडं काढून ओसरीवर आणलं. "औक्षवंत हो गं बाई!" त्यांनी नागपूरच्या त्या न पाहिलेल्या पोरीला हात जोडले, आणि हसता हसता डोळे पुसले. मग गाठोडं सोडून दोनदा मोजलं. अकराच्या अकरा!

गाठोड्यात काय होतं ते ऐकून काकूंचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे ह्यांचं लिहिणं मी बुडवलंच असतं की हो."

शेवड्यांनी एक पुस्तक उघडलं. हे पान काकूंना दाखवायचा तीन वर्षांत त्यांना धीर झाला नव्हता. प्रसंगाच्या टिपणाखाली ओळ होती: 'आनंदीला वाचून दाखवायचं. खरं वाटतं का, तीच सांगेल.'

काकूंनी मेथीचं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"मग वाचा की," त्या म्हणाल्या.