केंदूरच्या आप्पांवर मी घेतलेला संशय

सणसवाडीला माझा जनावरांचा दवाखाना आहे. मुकं जनावर काही सांगू शकत नाही, म्हणून मालक जे सांगतो ते पटकन खरं धरायचं नाही, अशी सवय मला लागून गेली होती. केंदूरच्या आप्पांवर तर पहिल्या दिवसापासूनच माझा विश्वास बसला नाही.

आप्पा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर, सत्तरीचे. भाच्याच्या पिकअपमधून त्यांनी एक तांबूस गावठी कुत्री आणली. ती चळाचळा कापत होती, गाडीतच लघवी करून ओली झालेली. आप्पांनी हात पुढं केला की अंग चोरायची. हा माणूस हिला मारतो, असं मी मनात ठरवून टाकलं.

तिच्या जबड्यात गाठ होती, कॅन्सरची. पुण्याला ऑपरेशन होईल, मग दर आठवड्याला इंजेक्शनसाठी न्यावं लागेल, काही महिने जास्त मिळतील, असं मी सांगितलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "न्हाई न्यायचं. दुखायच्या गोळ्या तेवढ्या द्या."

"का न्यायचं नाही?"

"न्हाई जमायचं, बाई." आणि गोळ्यांसाठी हात पुढं केला.

त्यानंतर ते एकटेच यायला लागले. मोबाईलवर कुत्रीचा व्हिडिओ दाखवायचे आणि गोळ्या मागायचे. व्हिडिओ आजचाच कशावरून? एकदा त्यांनी विचारलं, "एकदम महिन्याच्या देता का?" सगळ्या एकदम चारून हे मोकळे होणार, असं मला वाटलं. मी चारच दिवसांच्या गोळ्या द्यायला लागले. दर चार दिवसांनी ते दोन गाड्या बदलून यायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि त्याचाही मला संशयच आला.

शेवटी एका रविवारी सकाळी मी न कळवता केंदूरला गेले.

झेंडूच्या वावराच्या कडेला शेड होती. आप्पा जमिनीवर बसून शिऱ्यात गोळी कुस्करत होते. कुत्री आपला सुजलेला गाल त्यांच्या तळहातावर टेकवून बसली होती. कापत नव्हती. इतक्यात रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तशी ती उठून त्यांच्या पाठीमागं लपली.

"पिल्लू व्हती तवा कुणीतरी चालत्या टेम्पोतून हायवेला फेकली," आप्पा म्हणाले. "तवापासून गाडी दिसली की असं. तुमच्याकडं आणली त्या दिवशी मीच उचलून गाडीत घातली, तर दोन दिवस मला जवळ यिऊ दीना. दर आठवड्याला कसं न्यायचं हिला पुण्याला?"

"हे मला का नाही सांगितलंत?"

"कुत्रं गाडीला भितं म्हणून आपरेशन नको, असं म्हणलं असतं तर तुमी हसला असता."

मी हसले नसते. पण पटवून द्यायला बसले असते, हे खरं. मग मीही सांगून टाकलं. "आप्पा, मला वाटलं होतं तुम्ही मारता हिला."

त्यांनी शिऱ्याचा घास पाठीमागं तिच्यापुढं धरला. "वाटंल की. पर इचारायचं व्हतं."

त्या दिवशी मी महिन्याच्या गोळ्या ठेवल्या. फार त्रास व्हायला लागला तर घरी येऊन शांतपणे कायमचं झोपवायचं इंजेक्शन देईन, असंही सांगितलं. "बघू," म्हणाले. पुढं मीच दोनदा फोन केला, तेव्हाही "आजून न्हाई" एवढंच. हे तिच्यासाठी थांबलेत की स्वतःसाठी, अशी शंका मनात आली. या वेळी मात्र मी सरळ विचारलं.

"दोघांसाठी," आप्पा म्हणाले.

साधारण पाच आठवड्यांनी त्यांचा फोन आला. सकाळी पाणी प्याली, सावलीला जाऊन पडली, ती उठलीच नाही. शेवटचे चार दिवस तिनं खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या हातात असतं तर मी त्या चार दिवसांआधीच इंजेक्शन दिलं असतं. आजही मला तसंच वाटतं.

आप्पांना मी ते सांगितलं नाही. कुठं पुरलं, तेवढं विचारलं आणि ते सांगत होते ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.