खारातल्या शर्यती आणि मटका

दादाच्या बाराव्याला जेवणं उरकली, माणसं ओटीवर सुपारी कातरत बसली, तेव्हा पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "माणूस चांगला, पण हट्टी. त्याच्या हट्टापायी आपली शर्यत बुडाली. त्या वेळी शेटला हो म्हटलं असतं, तर खारात आज मुंबईसारखं रेसकोर्स उभं असतं."

दोघातिघांनी माना हलवल्या. जन्मभर शाळेत शिकवलं, तरी वादात मला उत्तर सापडतं ते चार दिवसांनी, आणि तेही लिहायला बसलो तर. म्हणून लिहायला बसलो आहे. रोज थोडं लिहितो, त्यातलं बरंच खोडतो. शर्यत बुडाली हे खरं. माझ्या थोरल्या भावानं नाही म्हटलं हेही खरं. आणि त्यानं बरोबर केलं हेही तितकंच खरं. या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ओटीवरच्या माणसांना पटत नसेल तर न पटो.

पनवेलची खाडी आणि आमचं गाव यांच्यामध्ये खाराची जमीन होती. भात कापून झालं की ती वाळत जायची आणि माघापर्यंत अंगणासारखी टणक व्हायची. जत्रेच्या सुमारास तिथं शर्यती लागत. सकाळी बैलगाड्या, उन्हं कलल्यावर घोडागाड्या. घोडे बहुतेक टांग्यांचे. त्यांतले काही मुंबईच्या रेसकोर्सवरून उतरलेले असत. तिथं घोड्याचं वय झालं, पाय अधू झाला, की तो विकला जायचा आणि कुणाकुणाच्या हातून पनवेलच्या टांगास्टँडवर येऊन पोचायचा. दादाची तांबूस घोडीही तशीच आलेली. महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, मोटारी बसून राहिल्या, टांग्यांना बरे दिवस आले, तेव्हा त्यानं ती घेतली. मिठागरातला आपला वाटा वडिलांवर आणि मधल्या भावावर सोडून तो टांगा हाकू लागला. माझ्या शाळेची फी त्या घोडीच्या पायांवर भरली गेली, हे मी कधी विसरलो नाही.

घोडी पळायची छान. दोन वर्षं तिनं खारात कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. मग शेवटच्या रेषेवर निशाण धरणारा म्हातारा वारला, आणि गावांनी मिळून दादाला निशाण दिलं. आमच्याकडे रीत अशी की निशाण धरणाऱ्यानं आपलं जनावर शर्यतीत उतरवायचं नाही. दादानं निशाण घेतलं आणि घोडी त्या दिवसापासून फक्त टांग्याला. जत्रेच्या दिवशी तो तिला खाराकडे नेतही नसे. लांबून आरोळ्या ऐकू आल्या की ती दावं ओढते, म्हणून वहिनी तिच्यापाशी उभी राहायची.

पैजा लागत, पण नारळांच्या. ज्याला आपल्या गावच्या गाडीवर पैज लावायची त्यानं घरून नारळ आणायचे आणि गोणपाटावर ठेवायचे. दुसऱ्याच्या गावावर पैज लावलेली मी कधी पाहिली नाही. गाडी कितीही मरतुकडी असो, नारळ आपल्याच गावच्या ढिगात पडायचा. जिंकणाऱ्या गावाला हरलेल्यांचे नारळ मिळत, पण ते घरी न्यायचे नसत. त्याच संध्याकाळी जिंकलेल्यांनी ते फोडायचे, खवायचे, गूळ घालून गोड भात रांधायचा, आणि पहिल्या पंगतीला हरलेल्यांना बसवायचं.

"जिकलाव ना? आता खवत बसा," हरलेले म्हणायचे.

आणि जिंकलेल्या गावच्या बाया आपल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "पुढच्या वर्साला हरून या. हात भरून आलं आमचं."

दोन गाड्या अगदी बरोबरीनं आल्या तर दोन्ही गावं रांधायची, दोन पंगती उठायच्या. त्यामुळे बरोबरी झाली की सगळ्या खारात आनंद. आणि दादाचा डोळा असा की जिथं बरोबरी आहे तिथं तो बरोबरीच म्हणायचा. घोड्याच्या नाकाच्या शेंड्यावरून भांडण लावून द्यायचा नाही. "दादूसला गोडाची हाव," असं लोक त्याला चिडवायचे. तो हसायचा.

एकोणीसशे साठनंतर खारातली गर्दी ओसरू लागली. तंबूत सिनेमा आला होता. त्याहून मोठं कारण म्हणजे आकडा. मुंबईत मटक्यातून पत्ते निघत, त्यांचा आकडा संध्याकाळी पनवेलच्या बाजारात येऊन पोचायचा, आणि पानाच्या गादीसमोर माणसं अशी उभी असायची जशी दवाखान्याच्या दारात नातेवाईक. वर्षातून एकदा घोडे पळणार, आणि आकडा तर रोजचा. माझ्या वर्गातल्या मुलांना पाढे येत नसत, पण कालचा आकडा सगळ्यांना पाठ.

अशात तो शेट आला. मुंबईचा, पांढरं धोतर, मृदू बोलणं. मी त्याला वाईट म्हणणार नाही. आमच्या ओटीवर बसून त्यानं चहा घेतला, म्हाताऱ्या घोडीचे दात पाहिले, तिचं वय बरोबर सांगितलं. मग गावांच्या पंचांसमोर त्यानं आपलं म्हणणं मांडलं.

"नुसती शर्यत आता चालणार नाही. मुंबईतसुद्धा माणूस घोडा बघायला येत नाही, पैसा लावायला येतो. तुम्ही कुंपण घाला, तिकीट ठेवा, बसायला फळ्यांची गॅलरी करू. शर्यतींवर पैजेच्या चिठ्ठ्या मी घेईन. आणि दोन शर्यतींच्या मध्ये लोक रिकामे बसतात, तिथं मटका मांडू. घोडा माणसं आणेल, मटका घोड्याला पोसेल. नाही केलंत, तर दहा वर्षांत इथं गुरं चरतील."

"पोलीस?" एका पंचानं विचारलं.

"ते माझं काम."

"मग आमचं काम काय?" दादानं विचारलं.

शेट हसला. "तुमचं काम सगळ्यात मोठं. कुंपण मी कुठंही घालीन, दादा. पण घोडी दारात बांधून निशाण धरणारा माणूस मी कुठून आणू? लोक तुमच्या शब्दावर नारळ ठेवतात. उद्या पैसा ठेवतील."

त्याचा हिशेब चोख होता. तो ज्या धंद्यात होता त्यातलं त्याला कळत होतं, आणि आमच्या शर्यतीचं भविष्य त्यानं सांगितलं तसंच झालं. हे मी कबूल करतो, कारण हे लपवून दादाची बाजू मांडण्यात काही अर्थ नाही. पंचांना ते पटलं. दादाला पुरतं पटलं नव्हतं, पण तो म्हणाला, "गावांचं मत हाय तर एक वर्स बघू. मी निशाण धरीन. मी जे बघतो तेच सांगीन, दुसरं काय नाय."

"तेवढंच हवं," शेट म्हणाला.

त्या दिवशी शेटनं सगळं विचारलं. गाडी उलटली तर काय, घोडा रेषेआधी थांबला तर काय, चाक निखळलं तर काय. बरोबरीचं त्यानं विचारलं नाही, आणि आमच्यातल्या कुणाला ते सांगायचं सुचलं नाही. अडचण असेल तर माणूस सांगतो. बरोबरी ही आम्हाला कधी अडचण वाटलीच नव्हती.

त्या जत्रेला खार फुलून गेला. मुंबईहून मोटारी आल्या, उरणकडून कोळी आले, चिरनेरहून गाड्या भरून माणसं आली. काथ्याच्या दोरीचं कुंपण, फळ्यांची गॅलरी, आणि एका बाजूला मांडवात मातीचं मडकं. एक माणूस त्यात हात घालून चिठ्ठी काढायचा, दुसरा ओरडून सांगायचा. मी तिथं थोडा वेळ उभा होतो. जिंकणारासुद्धा हसत नव्हता. लगेच पुढची चिठ्ठी घ्यायला वळत होता.

गोणपाट पसरलेलं होतं, सवयीनं. त्यावर थोडे नारळ होते, म्हाताऱ्यांचे.

घोडागाड्यांच्या शेवटच्या शर्यतीत ओवे गावची गाडी आणि शिरढोणची गाडी पुढं निघाल्या. बाकीच्या खूप मागं. शेवटच्या पट्ट्यात दोघांची चाकं एकमेकांना लागतील की काय इतकी जवळ, आणि धुरळ्यातून दोन्ही घोड्यांची डोकी एकदमच बाहेर आली. दादानं निशाण खाली मारलं आणि दोन्ही हात वर केले. आमच्याकडे बरोबरीची ती खूण.

म्हाताऱ्यांनी आरोळी दिली. बाकी खार हातातल्या चिठ्ठ्यांकडे बघू लागला.

मग एक जण म्हणाला, "म्हंजे काय? कोण आला?"

"दोगं," दादा म्हणाला.

"दोगं कसं? चिठ्ठीवर एक नाव हाय."

माणसं दोरी ओलांडून आत आली. ज्यांची चिठ्ठी ओव्यावर ते ओव्याचं नाव घेत होते, ज्यांची शिरढोणवर ते शिरढोणचं. दोन्ही गाडीवान आपापल्या घोड्याला फिरवत होते आणि एकमेकांशी नीट बोलत होते. भांडत होते ते दुसरेच. शेट गर्दीतून वाट काढत आला आणि दादाच्या कानाशी वाकला. मी शेजारी होतो, मला ऐकू आलं.

"दादा, एक नाव घ्या. कुठलंही. मी दोन्हीकडून सांभाळीन, पण नाव एक पाहिजे."

"दोन आली, शेट."

"मला कळतं. पण लोकांना एक लागतं."

"मग तुमीच धरा निशाण."

तेवढ्यात आमच्याच गावचा एक जण, ज्याच्या घरच्या लग्नात दादानं टांगा सजवून वऱ्हाड नेलं होतं, समोर येऊन म्हणाला, "दादूस, किती घेतलंस रं शेटकडनं?"

तोच खार. याच बरोबरीवर लोक त्याला गोडाची हाव म्हणून चिडवायचे. दादानं त्या माणसाकडे पाहिलं, चिडला नाही. शेटकडे वळून म्हणाला, "या शर्यतीचे पैसे ज्याचे त्याला द्या. सगळ्यांचे." आणि तो तिथंच उभा राहिला. शेवटची चिठ्ठी परत होईपर्यंत निशाण काखेत धरून उभा राहिला. शेटनं दिले. चेहरा उतरला होता, पण दिले.

दुसऱ्या दिवशी पंच घरी आले. शेट पुढच्या वर्षी यायला तयार होता, अट एकच: निशाणानं नेहमी एक नाव सांगायचं.

"किती वेळा असं होतं?" पंच दादाला समजावत होते. "कवातरी. तेवढ्यापुरतं कुणाचं नाव घे. कुणाला कळणार हाय?"

"मना कळंल ना."

"तुज्या एकट्यापायी शर्यत जाईल."

"जाईल तर जाईल," दादा म्हणाला. "एकदा मी न बघितलेलं सांगितलं, की मग मी बघितलेलंही कुणी मानणार नाय. मग तुमच्या त्या मडक्यात आन माज्यात फरक काय? त्यातनं कायपण निगतं."

पंच उठले. दुसरा निशाणवाला शोधायचा प्रयत्न झाला, पण एका गावचा माणूस दुसऱ्या गावाला चालेना. शेट दुसरीकडे गेला. त्यानं तिथं काय उभारलं, किती दिवस टिकलं, मला ठाऊक नाही. आमच्या शर्यतीही पुढं काही वर्षांत संपल्या, टांगे गेले, खाराच्या जमिनींवर भराव पडू लागले. त्या शेटचा मटका असता तरी तो भराव थांबला नसता, एवढं मला पक्कं कळतं. थांबला असता असं मानलं, तरीही मी दादाच्याच बाजूला उभा राहीन. जी शर्यत जगवायला खोटं नाव लागतं, ती जगलेली मला नको आहे. ओटीवरच्या पाहुण्याला हे आवडणार नाही. त्याच्या सुपारीचं मी काही देणं लागत नाही.

शेट गेला त्याच्या पुढच्या माघात काय होणार, कुणी येणार की नाही, हे आम्हाला कळत नव्हतं. दादानं आदल्या दिवशी खारात जाऊन ढेकळं फोडली, रेषा आखली, वहिनीनं निशाण धुऊन दिलं. सकाळी माणसं आली, थोडी. मोटार एकही नाही. घोडागाड्या तर हाताच्या बोटांवर. पहिली गाडी इतकी पुढं होती की निशाण नसतं तरी चाललं असतं. लोक तिच्याभोवती जमले, मग हळूहळू गावाच्या वाटेला लागले.

दादा रेषेवरच होता. मी त्याला म्हटलं, "चल, झालं आता."

"एक गाडी मागं हाय," तो म्हणाला. "शेवटची येईपरत निशाण उतरवायचा नसतो."

लांब खाराच्या टोकाला ती गाडी दिसत होती. म्हातारा घोडा, म्हातारा गाडीवान, आणि घोडा आता चालतच येत होता. गाडीवानालाही घाई नव्हती. आम्ही दोघं उभे राहिलो. ऊन उतरलं, खाडीकडून वारा सुटला, दादानं निशाणाची काठी दोन्ही हातांनी धरली. गाडी रेषेशी आली तेव्हा खारात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. दादानं निशाण खाली आणलं आणि मोठ्या आवाजात, गर्दीला सांगावं तसं, गाडीवानाच्या गावाचं नाव घेतलं.