समान झीज

जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूपेक्षा जास्त झिजू नये म्हणून आयुष्य वेचणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच असेल, आणि तो नेमका माझा मित्र आहे. मूळचा नागपूरचा, पन्नाशी उलटलेला, बेळ्ळंदूरला भल्यामोठ्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा. मोबाइलमधले आपले फोटो ज्या मेमरी चिपवर साठतात, तिला शिस्त लावणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा त्याचा धंदा. त्या चिपची कर्मकहाणी त्याने पहिल्याच भेटीत माझ्या बायकोला जेवता जेवता ऐकवली. "वहिनी, पाटी समजा. लिहायचं तर जागा आधी कोरी पाहिजे. अन् एक अक्षर चुकलं तर तेवढंच नाही पुसता येत, तो अख्खा भाग पुसा लागते. पुसायला जोराचं व्होल्टेज लागते, अन् दरवेळी पुसलं की पाटी थोडी झिजते. एकाच जागी लिहून-पुसून राहिलो तर ती जागा मरते न! म्हणून मी सगळ्या जागांना पाळीपाळीनं कामाला लावतो." माझी बायको पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातली. ती शांतपणे म्हणाली, "सरी, ठीक आहे अण्णा, पण आधी स्वल्प भाजी घ्या."

इथवर ठीक होतं. पण चिपचा कायदा त्याने स्वतःच्या घरालाही लावला. जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या, आणि हा एकटा सहाही खुर्च्यांवर पाळीने बसतो. झोपायच्या खोल्याही बदलतो, त्यामुळे सकाळी उठल्यावर दार कुठल्या बाजूला आहे हे आठवायला त्याला जरा वेळ लागतो. घाससुद्धा एक डाव्या दाढेला, एक उजव्या. एकदा उजवी दाढ ठणकत असताना गाल धरून तिच्यावरच चावत बसला होता. का, तर तिची पाळी होती. मेसेज लिहिताना एखादी वेलांटी चुकली तर सगळा मजकूर पुसून पहिल्यापासून सुरुवात करतो. आपण स्क्रीनकडे बघत ताटकळावं, तिकडे कितीतरी वेळ टायपिंग चालू असल्याचं दिसावं आणि शेवटी उत्तर यावं, "हो." लग्न त्याने केलं नाही. एकाच माणसावर एवढा भार टाकणं बरं नाही, असं तो अगदी गंभीरपणे सांगतो.

न्हावीही तो असाच फिरवतो. परिणाम असा की या शहरातल्या प्रत्येक न्हाव्याला तो नवीन गिऱ्हाईक वाटतो, आणि त्याचा भोवरा कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच ठाऊक नाही. चहाच्या टपऱ्यांचंही तेच. आम्ही टपरीवर गेलो की माझा कमी साखरेचा चहा न सांगता समोर येतो, आणि वीस वर्षं इथे राहिलेल्या याला पोऱ्या काय हवं ते विचारतो, "एन बेकु, सार?" तेव्हा तो हसतो खरा, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही.

मित्रांकडेही तो पाळीनेच जायचा. एका महिन्यात एकाकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे, आणि साठवलेलं सगळं एका बैठकीत बोलून घ्यायचा. मग एक मित्र निवृत्त होऊन पुण्याला परतला, एक लेकीकडे परदेशी गेला, आणि आनेकलला राहणारा तिसरा गेल्या वर्षी वारला. उरलो आम्ही. आता हा दर आठवड्याला येईल, असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच, तो यायचाच बंद झाला. फोन केला की म्हणायचा, "बरा आहे न." शेवटी एका रविवारी आम्ही दोघं त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो.

दाढी वाढलेली, आवाज न वापरल्यासारखा बसलेला. मी भडकलो. "अरे, आम्ही काय मेलो होतो का?" तर हा खाली मान घालून म्हणतो, "तसं नाही बे. बाकीचे गेले, आता सगळा भार तुमच्यावरच येऊन राहिला. एकच जागा उरली की तिला जपा लागते. तुम्हीपण झिजून गेले तर मी जाऊ कुठं?"

बायकोने मात्र विचारलं, "अण्णा, नुसतं वाचलं तर झिजते का तुमची चिप?"

"वाचल्यानं नाही झिजत. पुसल्यानं."

"मग आमच्याकडे येऊन तुम्ही काय पुसून जाता?"

पण गडी पक्का. म्हणाला, "तरी वहिनी, एकच पान सारखं वाचलं तर शेजारच्या पानांना थोडा त्रास होते."

"अय्यो, शेजारचं पान म्हणजे मीच ना? मला नाही होत त्रास. उद्या या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खरंच आला. पंचाईत अशी की त्याला बोलायला काही सुचेना. रोज भेटणाऱ्या माणसाशी रोज काय बोलतात, हे त्याला माहीतच नव्हतं. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "सगळं तर काल बोलून झालं बे. जाऊ का मी?" बायको अवरेकाईच्या, म्हणजे इकडच्या वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. तिने त्याच्यापुढे एक ढीग सरकवला, आणि तो मुकाट्याने सोलू लागला. खाली आमच्या मारतहळ्ळीचा ट्रॅफिक तुंबला होता. आम्हा तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही. मला त्याची इतकी माया याआधी कधी वाटली नव्हती. कितीतरी वर्षं तो संध्याकाळी आपल्या घरी एकटा गप्पच बसत आला होता. गप्प बसायला सोबत मात्र त्याला त्या दिवशी मिळाली. शेंगा संपल्या तरी तो उठला नाही, आणि आम्हीही दिवा लावायची घाई केली नाही.