अक्काचा रक्तगट

आमचं यंत्र पहिल्यांदा प्रयोगशाळेबाहेर काढायचं ठरलं तेव्हा गाव मीच सुचवलं. माझी थोरली बहीण नेकनूरजवळच्या एका वस्तीवर दिलेली. तिथली शाळा मला माहीत होती, आणि ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी माणसं घरी सापडतात हेही माहीत होतं. आमचं माहेर चकलांब्याचं. अक्का सातवीनंतर घरी बसली. मी धाकटी म्हणून शिकत राहिले आणि विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या संशोधनाला लागले. मी नेमकं काय करते हे घरी कुणाला नीट सांगता यायचं नाही. "उजेडाचं कायतरी करती," असं आई शेजारणींना सांगायची, आणि ते तसं चुकीचं नव्हतं.

काम रक्तगट ओळखायचं होतं. काचेच्या लहानशा पट्टीवर सोन्याचा थर, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. त्या थरावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळी द्रव्यं बसवलेली. रक्त सोडलं की जुळणाऱ्या पेशी आपापल्या जागी चिकटायच्या, बाकीच्या वाहून जायच्या. खालून सोडलेला उजेड परत फिरताना त्या चिकटण्यानं जरासा बदलायचा आणि पडद्यावरची त्या-त्या जागेची रेघ वर चढायची. गार खोलीत हे सगळं छान चालायचं. धुळीत, उकाड्यात, कमीजास्त होणाऱ्या विजेवर चालतं का, ते बघायचं होतं.

शाळेच्या एका वर्गात आम्ही मांडामांड केली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर मदतीला आल्या होत्या. आमच्या यंत्रावर भरवसा ठेवायचा नव्हता, म्हणून प्रत्येकाचं रक्त त्या नेहमीच्या पद्धतीनंही तपासत होत्या: पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब, त्यात तीन बाटल्यांमधलं औषध, आणि गाठी धरतात का ते बघायचं.

अक्का आली ती निम्मी वस्ती घेऊनच. माझ्या बहिणीचं यंत्र हाय, असं सगळ्यांना सांगत होती. पट्टी डोळ्यांजवळ धरून तिनं विचारलं, "याला सोनं कावून लावलं?" मी कारण सांगितलं तसं ती हसली. म्हणाली, माझ्या रक्ताला तरी सोनं लागू दे.

तिची तिसरी, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारी रेघ चढली नाही. मला वाटलं, उकाड्यानं यंत्र बिघडलं. पट्टी बदलली, पुन्हा रक्त सोडलं. रेघ तशीच आडवी. सिस्टरांच्या फरशीवरही तिसऱ्या बाटलीचा थेंब साधाच राहिला, गाठी धरल्या नाहीत. अक्का निगेटिव्ह होती. दाजी तिच्या मागंच उभे होते, त्यांचं रक्त पॉझिटिव्ह निघालं. सिस्टरांनी दोघांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "लेकरं किती तुम्हाला?"

"एक पोरगी," अक्का म्हणाली. "लगीन झालं तिचं."

"त्याच्यानंतर?"

अक्का माझ्याकडं बघायला लागली.

पोरीनंतर तिला दोन लेकरं झाली होती. तेव्हा मी वसतिगृहात होते, शाळेत शिकत होते. सुट्टीत घरी आले की एवढंच कळायचं, लेकरू गेलं. पुढं कुणी तो विषय काढत नसे. पोरगी घरीच सुईणीच्या हातावर झाली, धडधाकट. दुसरं लेकरू, मुलगा, ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याच्या बाजूला, पाचटाच्या कोपीत म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत झाला. हळदीनं माखल्यासारखा पिवळा होता म्हणे, आणि दोन-तीन दिवसांतच गेला. तिसरं पुढं तिथंच, पोटातच गेलं. थोरल्या पोरीला सांभाळायला सासूबाई तोडीवर सोबत असायच्या. त्यांनी दोन्ही वेळा उसाच्या एकाच शेताच्या बांधाला खड्डा करून लेकरांना माती दिली. मग त्यांच्या मनानं घेतलं की सुनेची कूस जळकी हाय. त्यांनी तिला धर्मापुरीच्या देवळात नेलं, देवऋष्याकडं नेलं, सोमवार धरायला लावले. भावकीत बारसं असलं की अक्काला बोलवायचं नाही, असं आपोआपच ठरून गेलं. पुढं तिचं अंगावरून जायला लागलं. एका डॉक्टरानं पिशवी काढायला सांगितली, आणि ऊसतोडीच्या कामात खाडा नको म्हणून तिनं ती काढूनही टाकली. तेव्हाही रक्त तपासलं असणारच. काय निघालं ते तिला कुणी सांगितलं नाही.

शाळेत सिस्टरांनी थोडक्यात सांगितलं होतं. संध्याकाळी घरी ओट्यावर बसून मी ते पुन्हा नीट सांगितलं. आईचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं बापासारखं पॉझिटिव्ह. पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आणि आईचं अंग त्याला परकं समजतं. पहिलं बाळ सुटतं. पुढच्या बाळाच्या रक्तावर मात्र आईचं अंगच हल्ला करतं, तिला कळतही नाही. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा हे टळतं.

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"म्हंजी एका सुईचं काम होतं?"

"हो."

"ती सुई आपल्याकडं मिळती?"

"बीडला मिळते."

"तवा बी मिळायची?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण मी हो म्हणाले.

दाजी पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "मंग माझंच रक्त आडवं आलं म्हणायचं." मी घाईघाईनं सांगितलं की तसं नसतं, बहुतेक माणसांचं रक्त पॉझिटिव्हच असतं, यात कुणाचा दोष नाही. त्यांनी मान हलवली आणि उठून बैलांपुढं कडबा टाकायला गेले. बैलांपुढं आधीचाच कडबा पडलेला होता. मी एकीवरचा बोल काढायला गेले आणि तो दुसऱ्यानं उचलला.

सासूबाई आत ज्वारी निवडत होत्या. आता त्यांना कमी दिसतं. मला त्यांना हे सांगायचंच होतं, आणि जरा आवाज चढवून सांगायचं होतं. मी उठले तसा अक्कानं माझा हात धरला.

"नगं. म्हातारीनं दोन्ही लेकरं सवताच्या हातानं पुरली. लई रडली ती. आता या वयात तिला काय सांगू, तू उगं मला बोल लावला म्हणून?"

मी परत बसले. ते बरोबर होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंत्राची आणि फरशीची उत्तरं जुळली होती. आमच्या सरांना फार आनंद झाला. पण उकाड्यात पट्ट्या टिकेनात, सर निवृत्त झाले आणि तो प्रकल्प बंद पडला. यंत्र आता विद्यापीठातल्या एका कपाटात आहे. मला जास्त बोचतं ते दुसरंच. अक्काला आमच्या यंत्राची गरजच नव्हती. ती फरशी आणि त्या तीन बाटल्या पोरीच्या जन्माआधीही नेकनुरात होत्या. कुणीतरी तिला हात पुढं कर म्हणायला हवं होतं, एवढंच.

रक्त तपासलं त्या साली दाजींनी टोळीच्या मुकादमाला सांगून लेकरं गेली तोच जुना कारखाना मागून घेतला. काही दिवसांनी अक्काचा फोन आला. लेकरांना माती दिलेलं शेत सापडलं होतं, पण बांध नव्हता. जमीन सपाट करून ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या, आणि मालकाच्या पोराला जुनं काही ठाऊक नव्हतं. दाजी तिथं बराच वेळ उभे राहिले, असं ती म्हणाली. ती स्वतः उभी राहिली का, ते मी विचारलं नाही. तेवढ्यात ट्रॅक्टर भरायला आला आणि तिला हाक आली.